जुन्या बांधावरून

शाळेतल्या गुट्टेबाईचं एक वागणं मला पहिल्या दिवसापासून खपलं नाही. ती भांडायची नाही. तुम्ही तिला काय वाटेल ते बोला, ती पदर सारखा करणार, मान खाली घालणार आणि म्हणणार, "बरोबर आहे मावशी तुमचं." अशा माणसाशी बोलून उपयोग काय? भिंतीवर शेण थापलं तर निदान शेणी तरी होतात.

त्या दिवशी मी शाळेत गेले ती भांडायलाच. कारण घडलं होतं आदल्या दुपारी. निवट्यांचं कालवण केलं होतं. निवटी म्हणजे आमच्या खाडीतला बोटभर मासा. पाणी ओसरलं की चिखलावर सरपटत फिरतो, उड्या मारतो. माझी नात जुई तेव्हा पहिलीत. ताटावर बसली आणि जेवायचं सोडून निवटीचं डोकं बोटानं इकडं तिकडं फिरवायला लागली.

"आजी, हिचे डोळे डोक्यावर का असतात, सांग?"

"तुझ्या आजोबानं बसवले. जेव."

"नाय. चिखलात लपली तरी वरचं दिसावं म्हणून. बगळा आला की तिला आधी कळतं. बाईंनी सांगितलं."

"आणि आजी आली तर?"

"आजी आली तर मरते," जुई म्हणाली आणि निवटी खाल्लीन्.

माझी सून संजना हसली. मला हसू आलं नाही. चाळीस वर्षं मी त्या खाडीत घातली. तिसऱ्या-शिंपल्या काढल्या, कालवं फोडली, माझा मुलगा हरेश पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत चिखल तुडवला. मी दुसरीतनं शाळा सोडलेली, पण खाडीचं मला कुणी शिकवावं अशी बाई अजून जन्माला यायची होती. आणि ही गुट्टेबाई कुठली, तर गंगाखेडाकडची. त्यांच्याकडं नदीला पाणी आलं तर लोक बघायला जातात.

शाळेत गेले तर तिनं फळ्यावर निवटी काढलेली. शेपूट चुकलं होतं.

"बाई, निवट्या शिकवायला ठेवलंय का तुम्हाला सरकारनं?" मी दारातूनच विचारलं. "पोरांना पाढे येत नाहीत."

"या ना मावशी." ती लगेच खुर्चीवरून उठली. "पुस्तकात उंट आहे, बर्फातलं अस्वल आहे. कुणाला कसलं अंग दिलंय, कशानं ते जनावर जगतं, असा धडा आहे. आता या लेकरांनी उंट कधी बघावा? म्हणून म्हटलं, दारातलंच जनावर घ्यावं."

"आणि तुम्ही कधी बघितलीत निवटी?"

"इथं आल्यावर. पहिल्यांदा बघितली तेव्हा भ्यायले मी. मासा चालायला लागला म्हटलं."

पोरं खिदळली. तिलाही हसू आलं. मग म्हणाली, "उद्या सुकती आहे, पाणी ओसरलेलं असेल, म्हणून मुलांना बांधावर नेतेय. तुम्ही याल का मावशी? मला वाचून सांगावं लागतं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे."

मला हेच हवं होतं, आणि त्याचाच मला राग आला. मी म्हटलं, "मला कामं असतात."

"बरोबर आहे मावशी तुमचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला पाणी पार ओसरलं. मी घरात कुणाला न सांगता निघाले. गुडघा दोन वर्षं धरला होता, त्यामुळं दोन वर्षं मी खाडीत उतरले नव्हते. पण ही गोष्ट मी स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगत नसे. पलीकडं नेणाऱ्या तरीच्या धक्क्याकडून उतरले. तिकडं खाली कातळ आहे. कातळाकडेनं चालत खाडीच्या मधे एक उंचवटा लागतो, तिथं जाऊन उभी राहिले. शाळेचा बांध समोर, पन्नासेक पावलांवर. त्यांच्याबरोबर जायचं नव्हतं मला. त्यांनी मला बघायला हवं होतं.

बांधावर चौदा पोरं बसकरपट्ट्यांवर ओळीनं बसली होती. पुढं गुट्टेबाईनं खेळाच्या मैदानावर मारतात तशी फक्कीची पांढरी रेघ ओढली होती. वारा माझ्याकडचा होता तरी तिचं बोलणं तुटक तुटक येत होतं.

"रेघेच्या पलीकडं कुणाचा पाय जाणार नाही. काय म्हटलं मी?"

"जाणार नाय!" पोरं ओरडली.

"आता सांगा, बगळा चिखलात का रुतत नाही?"

"बोटं लांब, बाई! फाकलेली!"

"आणि निवटीला तर बोटंच नाहीत. मग ती?"

मी वाकले, बिळाच्या तोंडावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं मागून चिखल दाबला. निवटी सरळ तळव्यात आली. दोन वर्षांनी, पहिल्याच खेपेला. मला इतका आनंद झाला की मी हात वर करून ती पोरांना दाखवली.

"आजी! आमची आजी!" जुई उभी राहिली. मग सगळीच उभी राहिली.

"लांबून काय कळतंय?" मी ओरडले. "जुई, ये गो इकडं! हातात घेऊन बघ!"

जुई रेघेपाशी आली आणि थांबली. तिनं मागं वळून बाईकडं बघितलं. बाईनं माझ्याकडं बघितलं. तिचं तोंड उघडलं. "मावशी..." एवढं मला ऐकू आलं.

"जुन्या बांधावरनं ये, सरळ!" मी म्हटलं. "माझ्या पायाखालची वाट हाय ती. मी हाय ना इथं!"

बाईनं तोंड मिटलं. जुईनं रेघ ओलांडली.

जुना बांध म्हणजे चिखलाखाली गाडलेली दगडांची रांग. आमच्या आज्या-पणज्या त्याच्यावरून तिसऱ्यांना जायच्या. वरून काही दिसत नाही, पण पाऊल टाकलं की घोट्याएवढ्या चिखलाखाली दगड लागतो. मी डोळे मिटून गेले असते. मधल्या दोन पावसाळ्यांत त्यातला वीसेक हात बांध वाहून गेला होता. तिसऱ्या काढणाऱ्या सगळ्या बायकांना ते ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही, कारण चंद्राकाकीला खाडीचं सांगायला जाणार कोण? आणि मी विचारलं नाही.

जुई तीस पावलं नीट आली. हसत, फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरून. एकतिसाव्या पावलाला ती बुटकी झाली. मला वाटलं, बसली. मग तिनं दुसरा पाय उचलायला जोर लावला आणि मांड्यांपर्यंत गेली.

"आजी, पाय निघत नाय."

मी निवटी टाकली आणि धावले. कातळ संपला तिथं मी स्वतःच गुडघ्यापर्यंत गेले. दुखरा गुडघा आत अडकला आणि असा मुरगळला की डोळ्यांपुढं काळोखी आली. जुई माझ्यापासून दहा-बारा हातांवर होती. मी तिला बघू शकत होते. तिला शिवू शकत नव्हते.

आणि पाणी उलटलं होतं. आमच्यामधल्या बारक्या ओहळात मघापर्यंत पाणी समुद्राकडं वाहत होतं. आता त्यातला काडीकचरा जमिनीकडं यायला लागला. भरतीचं पाणी आवाज करत नाही. वाडीतले बापये होड्या घेऊन बाहेर. बायका पलीकडं सुकटीच्या ओट्यांवर.

"जुई, हालू नको! नको, हाल! वर ये! अगो वर ये!" मी काय ओरडत होते ते मला कळत नव्हतं. मी ओरडले की जुई धडपडायची, धडपडली की आणखी खाली जायची. कमरेपर्यंत गेली.

बांधावर बाईनं चौथीतल्या दोन पोरी ओट्यांकडं पळवल्या. बाकीच्यांना म्हणाली, "रेघेवर बसा. एकमेकांचे हात धरा. कुणी उठायचं नाही." मग तिनं बसकरपट्ट्या उचलल्या, साडीचा काचा मारला आणि जुन्या बांधावरून चालत आली. जिथं दगड संपला तिथं तिनं एक पट्टी चिखलावर पसरली आणि तिच्यावर पालथी पडली. दुसरी पुढं पसरली. पोटावर सरकत निघाली. पोहायला येत नसलेली बाई. पाण्याला इतकी भ्यायची की तरीत मधोमध बसून डोळे मिटून घ्यायची, आम्ही बायका तिची नक्कल करायचो.

सरकता सरकता ती बोलत होती. वर्गात बोलते तसल्याच आवाजात.

"जुई, माझ्याकडं बघ. तुझं मघाचं उत्तर राहिलं. निवटी चिखलात रुतते का?"

जुई रडत होती. "नाय."

"का नाही रुतत?"

"ती... ती उभी नसते."

"मग कशी असते?"

"पोटावर असते."

"शाब्बास. तू उभी आहेस. हळूच पुढं पड. माझ्या हातांवर पड. तोंड वर ठेव."

"मी बुडंन, बाई."

"मी पडलेय ना? मी बुडले का? बघ बरं."

जुई पुढं पडली. बाईनं तिच्या काखेत हात घातले आणि ओढायला लागली. पोर किंचाळली. तेव्हा कुठं माझं डोकं ठिकाणावर आलं.

"ओढू नका!" मी ओरडले. "हात निखळंल तिचा! चिखल धरून ठेवतो. पायाच्या कडेनं हात आत घाला, ढवळा, पाणी आत जाऊ दे. आधी एक पाय, मग दुसरा!"

बाईनं मान हलवली. खांद्यापर्यंत हात चिखलात घातला. गाल चिखलाला टेकला होता. ढवळत राहिली. ओहळाचं पाणी पसरत जुईच्या छातीशी आलं, बाईच्या हनुवटीशी आलं. तिनं तोंड मिटून मान वर केली, खाली हात चालूच. किती वेळ गेला देव जाणे. मग फसकन आवाज झाला आणि एक पाय सुटला. दुसरा लवकर सुटला. जुईला पाठीवर घेऊन ती पोटावरच मागं सरकत गेली, पट्टी पाण्यावर तरंगायला लागली तरी.

बायका फळ्या घेऊन आल्या तोवर मी कमरेभर पाण्यात होते. मला काढायला चौघी लागल्या. संजना त्यांत नव्हती. ती जुईला छातीशी धरून बांधावर बसली होती आणि गुट्टेबाईला ओरडत होती, "माझी पोर मारायला नेली होतीस काय? कुणी सांगितलं तुला हे धंदे करायला?"

बाईच्या डोळ्यांत, कानांत, केसांत चिखल. ती म्हणाली, "माझी जबाबदारी होती, ताई."

मी ऐकलं. मला बोलता आलं असतं. गुडघा सुजला होता, जीभ नव्हती सुजली.

संध्याकाळपर्यंत वाडीत गोष्ट पक्की झाली: बाई पोरांना चिखलात खेळायला सोडते, चंद्राकाकीनं जीव धोक्यात घालून नातीला वाचवायला उडी घेतली. बघितलेल्या पोरांना विचारतो कोण? लोक माझ्या पाया पडायला आले. मी खाटेवर पाय लांब करून बसले होते. नाही म्हटलं नाही.

जुईला ताप भरला. तापात ती एक-दोनदा म्हणाली, "आजीनं बोलावलं." संजना म्हणाली, "बघा, तुमचंच नाव घेते."

तिसऱ्या दिवशी सकाळी गुट्टेबाई जुईला बघायला आली. संजना तिला उंबऱ्याच्या आत येऊ देईना, मग पाणी भरायला निघून गेली. ओटीवर मी आणि ती दोघीच.

"कुणाला सांगितलंस?" मी विचारलं.

"काय, मावशी?"

"वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस. उद्या शाळेची समिती बसतेय. तुझा साहेब येतोय. तुला घालवणार ते, आणि घालवतील तेही कागदावर डाग लावून. माझं नाव का सांगितलं नाहीस?"

तिनं आत डोकावून बघितलं. जुई झोपली होती.

"ती तुमच्या हातानं जेवते," ती हळू म्हणाली. "तुमच्याजवळ झोपते. मी काय, आज आहे, उद्या बदली होऊन जाईन. तिला तुमच्याचजवळ राहायचंय. ताईंना कळलं तर त्या तिला तुमच्यापाशी ठेवतील का?"

मी आत वळून जुईकडं बघितलं.

"मी येते मावशी," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून गेली.

त्या दिवसापासून बंद असलेल्या शाळेतच समिती बसली. अध्यक्ष यशवंत जाक्कर मधे, शेजारी तालुक्याहून आलेला साहेब, अर्धी वाडी व्हरांड्यात. बाई फळ्याजवळ उभी. फळ्यावरची निवटी कुणीतरी पुसली होती. मला मान देऊन खुर्ची दिली होती. हरेश बोट घेऊन परत आला होता, जुईला मांडीवर घेऊन बसलेल्या संजनाच्या मागं हात बांधून उभा होता.

यशवंतानं कागद माझ्यापुढं सरकवला. "काकी, अर्ज तुमच्याच नावानं लिहिलाय. नात तुमची, प्रसंग तुमच्यावर आला. खाली सही करा. मग आम्ही सगळे करतो."

मला सही येते. वाचता येतं, पण बोट ठेवून. मी बोट ठेवलं.

"काकी, वाचायची गरज नाय, मी सांगतो काय लिहिलंय..."

"गप रे. माझ्या नावानं लिहिलंय ना?"

मी मोठ्यानं वाचायला लागले. एकेक अक्षर. सगळे थांबले. "बाईं... च्या... निष्का... निष्काळजी... पणामुळे..." तिथं आले आणि बोट पुढं जाईना. व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. साहेबानं घड्याळ बघितलं. मी वर बघितलं तर संजना माझ्याकडं बघत होती. डोळ्यांत इतका विश्वास की मला त्या चिखलापेक्षा तो जड झाला. एक सही, आणि मी जन्मभर नातीला वाचवणारी आजी. आणि समोर ही बाई, नेहमीसारखी मान खाली घालून.

मी कागद उलटा ठेवला.

"हे खोटं हाय," मी म्हटलं. "बाईनं रेघ ओढली होती. पोरं रेघेच्या आत होती. जुईला मी हाक मारली. जुन्या बांधावरनं ये म्हटलं. बांध फुटलाय ते मला ठाऊक नव्हतं, दोन वर्षं मी खाडीत गेलेच नाय. पोरांसमोर मिरवायचं होतं मला. आणि मी काय तिला वाचवलीबिचवली नाय. मी आपली रुतून बोंबलत होते. वाचवली ती हिनं."

मग संजनाचा आवाज आला, अगदी बारीक: "आई?" तिनं तेवढंच म्हटलं, जुईला उचललं आणि व्हरांडा उतरून गेली. हरेश माझ्याकडं न बघता तिच्या मागं गेला. पुढं दीड महिना जुई माझ्या हातानं जेवली नाही. जेवू दिलं नाही तिला. आज जुईला तिची स्वतःची मुलगी आहे, तरी तो दीड महिना मी विसरलेले नाही.

यशवंत घसा खाकरून म्हणाला, "मग प्रश्नच मिटला. बाईंचा काही दोष नाय. साहेब, आपण..."

"मी उठलेय का अजून?" मी म्हटलं. "बस खाली."

गुट्टेबाई पुढं आली होती. डोळे भरलेले. वाकायला लागली, माझ्या पायांशी. मी काठी आडवी धरली.

"पाया पडू नको. वर बघ. माझं चुकलं, ते मी वाडीसमोर बोलले, आता माझी सून मला काय ते बोलेल आणि मी ऐकीन. पण तुझा दोष नाय असं मी म्हटलेलं नाय. चिखलात पालथी पडलीस ते नव्हे. ते तुझ्या जागी इथल्या एकीनंसुद्धा केलं नसतं. त्याच्या आधीचं म्हणते मी. मी हाक मारली तेव्हा तुझं तोंड उघडलं होतं. मी बघितलं. माझी पोर रेघेवर उभी राहून तुझ्या तोंडाकडं बघत होती, बाई काय म्हणतात म्हणून. आणि तू तोंड मिटलंस. कशापायी? तर म्हातारीचा मान! माझा मान माझ्या नातीएवढा मोठा नाय गो. घरात आमची पोरं आमची; शाळेत तुझी. तिथं मी येऊ दे, हा यशवंत येऊ दे, तुझा हा साहेब येऊ दे, पोरांच्या जिवावर आलं की तू ओरडायचं. मला 'चंद्रे, गप बस' म्हणायचं. तेवढं जमणार नसेल तर हा अर्ज खरा, आण इकडं, मी सही करते. जमणार असेल तर उद्या शाळा उघड."